पातळ दाबविद्युत पट्टिकांचे कंपन आणि त्यांतील उष्णता

सोनोग्राफी करताना रुग्णाच्या अंगावरून जो प्रोब फिरवला जातो, त्याच्या टोकाशी पातळ मृत्तिका-पट्टिका बसवलेल्या असतात. त्या कंप पावतात आणि कंप पावताना स्वतःच तापतात. बाहेरून उष्णता न देता हे कसे घडते, ते या उपघटकात पाहू.

क्वॉर्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला असता पृष्ठभागावर विद्युत भार प्रकट होतो, हे जाक व पिअर क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवले. विद्युत दाब दिल्यास स्फटिकाचा आकारही बदलला पाहिजे, असे 1881 मध्ये गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने मांडले आणि क्यूरी बंधूंनी ते त्याच वर्षी पडताळले. आपल्या पट्टिकेचे कंपन या उलट परिणामावर चालते. आज तिच्यासाठी बहुधा लेड झिर्कोनेट टायटनेट ही मृत्तिका वापरतात. तिच्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 4,000 मीटर असतो. पट्टिकेची जाडी अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली की अनुस्पंदन होते. म्हणून 1 मिलिमीटर जाडीची पट्टिका सुमारे 20 लाख हर्ट्झ कंप्रतेला सर्वाधिक जोमाने कंप पावते.

या मृत्तिकेत सूक्ष्म विद्युत प्रदेश असतात. प्रत्येक आवर्तनात त्यांच्या सीमा पुढे सरकतात, पण परतताना त्याच वाटेने परतत नाहीत. त्यामुळे दिलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. जी तूट राहते, तीच उष्णता. एका आवर्तनातील तूट नगण्य असते खरी, परंतु सेकंदाला 20 लाख आवर्तने होतात. थेंबे थेंबे तळे साचते ते असे.

जेथे हालचाल अधिक तेथे उष्णता अधिक, असा तर्क तुम्ही कदाचित कराल. तो येथे चुकतो. अनुस्पंदनाच्या वेळी दोन्ही पृष्ठे सर्वांत जास्त हलतात, मधला थर जवळजवळ स्थिर राहतो. मात्र ताण त्या मधल्या थरावरच सर्वाधिक पडतो आणि तोच अधिक तापतो. पातळपणाचे गणितही दुहेरी आहे. पट्टिका पातळ असल्याने आतील उष्णता पृष्ठभागाशी लवकर पोहोचते, हा लाभ. पण तेवढाच विद्युत दाब पातळ पट्टिकेत अधिक तीव्र विद्युत क्षेत्र निर्माण करतो आणि तूट वाढवतो.

तापमान चढले की ऊर्जेची तूट बहुधा आणखी वाढते, आणि हे चक्र आवरले नाही तर पट्टिका क्यूरी तापमानाकडे सरकू लागते. या मृत्तिकेच्या बहुतेक प्रकारांत ते सुमारे 200 ते 350 अंश सेल्सिअस असते. ते ओलांडल्यावर पट्टिकेचे ध्रुवीकरण नाहीसे होते व नुसती थंड केल्याने ते परत येत नाही. म्हणून अभियंते सहसा त्याच्या निम्म्या तापमानाच्या आत राहतात. पाण्याचे तुषार करणाऱ्या श्राव्यातीत उपकरणातील चकती पाणी संपल्यावर चालू राहिली तर निकामी होते, कारण तिची ऊर्जा व उष्णता वाहून नेणारे पाणीच उरलेले नसते.

रुग्णाच्या बाबतीत मर्यादा याहून पुष्कळ कडक आहे: आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्वचेला टेकलेल्या प्रोबचा पृष्ठभाग 43 अंशांपलीकडे तापता कामा नये. पडद्यावरील प्रतिमा गोठवली की प्रोबमधून ध्वनी सोडणे थांबते, आणि तेवढ्या वेळात पट्टिका निवतात.