दिव्यांग मुले, खेळ आणि आईबाप



आमच्या पाड्यांवर दिव्यांग मूल शाळेत जाते, पण खेळाच्या दिवशी आईबाप त्याला घरीच ठेवतात. पडेल, लोक हसतील, ही भीती. मायाच आहे ती, पण मुलाचे पाऊल उंबऱ्यातच अडते.

अशा पालकांना मी सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांच्याविषयी सांगतो. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांचा हात कायमचा अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले.

पहिले काम दाखल्याचे. तपासणीत किमान ४० टक्के दिव्यांगत्व ठरले की बहुतेक सवलती मिळतात. स्पर्धेतला गट मात्र वेगळ्या तपासणीने ठरतो, म्हणजे साधारण सारखी अडचण असलेले खेळाडूच एकमेकांसमोर येतात. पूर्ण अंध धावपटूबरोबर एक सोबती हातातली दोरी धरून धावतो. गावात सराव करताना ती दोरी थोरला भाऊही धरू शकतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आठव्या वर्षापासून उतरता येते.

खरी अडचण पुढेच आहे. दाखल्यासाठी जिल्ह्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. लावणीत कोणी निघत नाही, दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मधले थोडेच दिवस हाती राहतात. त्या दिवसांत मंडळ्यांनी भाड्याचा भार उचलावा आणि एकाने तरी सोबत जावे, ही विनंती. कागद वाचता न येणारा बाप रांगेतून रिकाम्या हाताने परतला, की दुसऱ्यांदा सहसा येत नाही.