अडुळशापासून कंपवातापर्यंत

अडुळसा कुणाला ठाऊक नाही? कुंपणाला, वाड्याच्या परसात तो उभा असतो आणि खोकला झाला की त्याच्या पानांचा रस मधातून चाटवतात. या झुडपाचा आणि हातपाय कापत राहणाऱ्या कंपवाताचा संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि कष्टकऱ्यांनी तो समजून घ्यावा असा आहे.

प्रथम रोगाकडे पाहू. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने १८१७ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. हा गृहस्थ सामान्यांच्या मताधिकारासाठी टोपणनावाने पत्रके लिहिणारा चळवळ्या होता, याचे आम्हांला विशेष वाटते. मेंदूच्या खोल भागात डोपामीन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या एकेक करून मरू लागल्या की हालचालीचे हुकूम नीट सुटत नाहीत. हात थरथरतो, अंग ताठरते, पाऊल अडखळते.

यावर लेव्होडोपा हे औषध १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आले. हेच द्रव्य खाजकुहिलीच्या बियांत असल्याचे दामोदरन् व रामस्वामी या आपल्या शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच दाखवले होते. लेव्होडोपाने डोपामीनची तूट भरून निघते, रुग्ण पुन्हा चालू लागतो. पण पेशींचे मरण थांबत नाही. कायमचे कामगार गळत असताना बदली माणसांवर पाळी रेटावी, तसा हा प्रकार आहे.

मग ते मरणच लांबवता येईल काय? सर्वस्वी नवे औषध शोधायला पुष्कळ वर्षे आणि अफाट पैसा लागतो. म्हणून संशोधक जुन्या औषधांकडे वळले. औषधाचा रेणू म्हणजे ठराविक अणूंची ठराविक जोडणी. त्यातला एखादा अणू काढला, दुसरा जोडला, की गुण बदलतो. अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमीनचे दोन अणू असलेले ब्रोमहेक्झीन बनवले. हे औषध शरीरात गेले की त्याचा एक लहान तुकडा गळतो, ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी चिकटते आणि अँब्रोक्सॉल तयार होते. पुढे तेही स्वतंत्रपणे खोकल्याचे औषध म्हणून विकले जाऊ लागले.

२००९ साली कॅनडातील संशोधकांनी गोशे नावाच्या आनुवंशिक रोगासाठी हजारावर जुनी औषधे तपासली, तेव्हा अँब्रोक्सॉल पुढे आले. त्याचे कारण असे. पेशीतही केरकचरा साठतो आणि तो फोडणारी विकरे असतात. कंपवाताच्या शंभरांपैकी साधारण ५ ते १५ रुग्णांत अशा एका विकराच्या जनुकात दोष असतो. विकराची घडी चुकते, ते कामाच्या जागी पोचत नाही, कचरा साचतो आणि पेशी गुदमरते. अँब्रोक्सॉल त्या विकराची घडी सावरते. ओझ्याखाली अडखळलेल्या हमालाला सोबत्याने खांदा द्यावा आणि वखारीपर्यंत पोचवावे, तसेच हे.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या लहान चाचणीत १७ रुग्णांनी हे औषध घेतले. ते मेंदूपर्यंत पोचते, एवढे त्यातून कळले. रोग मंदावतो की नाही, हे ठरवण्यासाठी ब्रिटनमध्ये ३३० रुग्णांची दोन वर्षांची मोठी चाचणी हाती घेतली आहे. तिचा निकाल येईपर्यंत कोणी हुरळून जाऊ नये. मधुमेहाच्या एक्झेनाटाइडने २०१७ साली ६२ रुग्णांच्या चाचणीत अशीच आशा दाखवली होती. २०२५ साली १९४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा त्याचा काही उपयोग दिसला नाही.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. खोकल्यासाठी अँब्रोक्सॉल दिवसाला सुमारे ९० मिलिग्रॅम देतात. चाचणीत ते १२६० मिलिग्रॅम, म्हणजे चौदापट दिले गेले. बाजारातल्या बाटलीत बहुधा सालब्युटामॉलसारखी दुसरी औषधेही असतात. ती मात्रेबाहेर गेली तर छाती धडधडते आणि हात उलट अधिक कापतात. म्हणून बाटली तोंडाला लावू नये आणि चालू असलेले लेव्होडोपा मनाने सोडू नये.

आता हा प्रश्न आमच्या चळवळीचा का, ते सांगतो. मानवतसारख्या कापसाच्या पेठेत हमालाचा हात कापू लागला की लोक प्रथम दारूचे नाव घेतात, आणि मग त्याचे काम जाते. पेन्शनवाल्याला रोग चार वर्षे लांबला तर सुख वाटेल. हातावर पोट असणाऱ्याला ती चार वर्षांची भाकरी आहे. पण अँब्रोक्सॉलचे पेटंट केव्हाच संपले. ज्यात नफा नाही त्यावर कंपन्या पैसा कशाला घालतील? ब्रिटनची मोठी चाचणीही मुख्यतः धर्मादाय संस्थांच्या पैशावर उभी राहिली आहे.

म्हणून स्वस्त, जुन्या औषधांच्या चाचण्या सरकारी पैशाने, आपल्या सरकारी रुग्णालयांत झाल्या पाहिजेत. लेव्होडोपा तालुक्याच्या दवाखान्यात बारमाही मिळाले पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचे नाव आहे. तेव्हा कापणाऱ्या हाताच्या कामगाराला दारुडा म्हणण्याआधी डॉक्टरकडे न्या, प्रमाणपत्रासाठी त्याच्याबरोबर कचेरीत जा. औषध सिद्ध व्हायला अवकाश आहे, पण एवढे काम आपल्याला आजच करता येईल.