एक स्लॅश, चार कामं!

राहुरीत ऊस कुठे दिसत नाही? बांधावर, ट्रॉलीत आणि हो, माइनक्राफ्टमध्येही. तिथेही शेजारी पाणी नसेल तर ऊस लागत नाही. मुळेच्या पाण्यावर वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

समजा, हॉस्टेलच्या पोरांसाठी तुम्ही जावा एडिशनचा सर्व्हर चालवताय. नव्या प्रत्येकाला ऊस, बादली, कुऱ्हाड आणि ब्रेड द्यायचाय. दर वेळी चार कमांड कोण टाइप करणार? कस्टम कमांडचा प्लगइन टाका, त्याच्या टेक्स्ट फाइलमध्ये चारही ओळी लिहा आणि त्यांना एक नाव द्या. झाला मॅक्रो! फक्त ओळ आत सरकवायला टॅब वापरू नका, स्पेसच द्या. यामल फाइलला टॅब चालत नाही.

खरी गोची पुढे आहे. फुकट सामान घ्यायचा अधिकार साध्या खेळाडूला नसतो, म्हणून प्लगइन त्या ओळी कन्सोलच्या नावाने चालवतो. आणि कन्सोल म्हणजे सर्व्हरचा मालकच! परवानगी किंवा दोन वापरांमधलं अंतर ठरवलं नाहीत, तर एकच पठ्ठ्या शंभर वेळा सामान उचलेल. त्याहून वाईट म्हणजे खेळाडूने टाइप केलेलं सगळं जसंच्या तसं कन्सोलकडे जाऊ दिलंत तर. मग तो स्वतःलाच ऑपरेटर करून घेईल आणि तुम्ही महिनाभर खपून बांधलेला वाडा जमीनदोस्त!

म्हणून आधी वर्ल्ड फोल्डरची कॉपी ठेवा. मग स्वतःचं ऑपरेटरपद काढा आणि साधा खेळाडू होऊन तीच कमांड मारून बघा.