जुनी दुनळी: दुरुस्ती कुठवर आणि बदल कुठून

वालूर (ता. सेलू, जि. परभणी) येथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेतील गाळ-कचरा ग्रामस्थांनी श्रमदानाने उपसला, तेव्हा बारवेचा आकार न बदलता तो पुन्हा उघडा झाला. मूळ घडण न बदलता दुरुस्ती होते का, ही ती कसोटी. जुन्या ब्रिटिश दुनळी बंदुकीत फेरफार करावेत की नाहीत, हा प्रश्नही याच कसोटीवर तपासण्यासारखा आहे.

दुनळी म्हणजे दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेली छऱ्यांची बंदूक. तिचे सर्वपरिचित माप बारा बोर. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी जिच्यात नेमकी बसेल, अशी सुमारे १८.५ मिलिमीटर व्यासाची नळी. या नळ्या वरवर समांतर दिसल्या तरी तोंडाकडे किंचित जवळ येतात आणि दोहोंचे छरे ठरावीक अंतरावर एकाच जागी पडतील, अशा बेताने कारागीर त्या झाळतो. तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांत नळी जराशी चिंचोळी ठेवलेली असते. तिला चोक म्हणतात आणि छऱ्यांचा फैलाव ती आवरते. म्हणून नळी कापली की केवळ लांबी जात नाही, तर चोकही जातो. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्यावाचून नळी आखूड करणे हा गुन्हा आहे.

काडतूस बसण्याच्या घराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या बंदुकांत हे घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते, तर आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची. ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या टरफलाची असल्याने लांब काडतूस आखूड घरात बसते खरे, पण त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. त्यावर उपाय म्हणून घर खरवडून लांबवल्यास, जिथे दाब सर्वाधिक तिथेच पोलाद पातळ होते आणि १८१३ मध्ये स्थापन झालेल्या बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहासारख्या संस्थेने नळीवर उमटवलेली मुद्रा त्या बंदुकीपुरती निरर्थक ठरते. बंदुकीला साजेसे, कमी दाबाचे काडतूस निवडणे, हाच येथे खरा मार्ग होय.

अक्रोडाच्या लाकडी दस्त्याची गोष्ट वेगळी आहे. मागे लाकडाचा तुकडा जोडून तो लांबवता येतो आणि पुढे तो तुकडा काढताही येतो. झिजलेला खिळा किंवा सैल झालेली कमान बदलल्यानेही मूळ घडणीला बाध येत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे प्रयोजन उरले नाही, त्यामुळे या बंदुकीचे मोल आता तिच्या कारागिरीत आहे. जे पूर्ववत करता येईल तेवढेच करावे, आणि जे धातू खरवडून वा कापून करावे लागते त्याला हात लावू नये, हा नियम पाळला तरच ती कारागिरी पुढच्या पिढीच्या हाती जाईल.