गिंप वापरून सचेतन चित्रनिर्मिती

सचेतन चित्र म्हणजे ठरावीक अंतराने एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या स्थिर चित्रांची, एकाच संचिकेत साठवलेली मालिका होय. गिंप या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने अशी चित्रे विनाखर्च तयार करता येतात. स्पेन्सर किमबॉल व पीटर मॅटिस या बर्कली येथील विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिंपच्या विकासास आरंभ केला.

पूर्वपीठिका

महाराष्ट्रात या तंत्राचे आद्य उदाहरण दादासाहेब फाळके यांचे आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटापूर्वी त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाचे चित्रण मध्ये काळ सोडत एकेक चौकट असे केले. 'अंकुराची वाढ' या त्या लघुपटाने भांडवल मिळवण्यास साहाय्य केले. डोळ्यांना न दिसणारी संथ वाढ त्यामुळे दृश्य झाली. आज हेच काम साधा कॅमेरा आणि गिंप यांच्या आधारे शाळेतही होऊ शकते.

कृती

गोंदिया जिल्ह्यासारख्या धानाच्या प्रदेशात धानाच्या अंकुरणाचे उदाहरण सोयीचे ठरते. कॅमेरा व प्रकाश न हलवता दर तासाला एक याप्रमाणे चार दिवसांत ९६ छायाचित्रे मिळतात.

१. छायाचित्रांना क्रमांक देऊन ती 'ओपन ॲज लेयर्स' या आज्ञेने उघडावीत. प्रत्येक स्तर म्हणजे एक चौकट. सर्वांत खालचा स्तर प्रथम दिसतो.
२. चित्राचा आकार आवश्यक तेवढा लहान करावा.
३. 'फिल्टर्स' मेनूतील 'ॲनिमेशन' विभागात 'प्लेबॅक' निवडून गती तपासावी.
४. त्याच विभागातील 'ऑप्टिमाइझ फॉर गिफ' ही आज्ञा चौकटींमधील केवळ बदललेला भाग ठेवते; त्यामुळे संचिका हलकी होते.
५. 'एक्सपोर्ट ॲज' वापरून गिफ स्वरूप निवडावे आणि 'ॲज ॲनिमेशन' या पर्यायावर खूण करावी.

मूळ काम एक्ससीएफ स्वरूपात स्वतंत्रपणे जतन करावे.

ओघवती गती

गती ओघवती दिसणे हे मुख्यतः लगतच्या दोन चौकटींतील फरक किती लहान आहे यावर अवलंबून असते. गिफमध्ये कालावधी शतांश सेकंदात मोजला जातो. प्रत्येक चौकट ८० मिलिसेकंद ठेवल्यास सेकंदाला साडेबारा चौकटी दिसतात आणि वरील ९६ चौकटींचे चित्र सुमारे पावणेआठ सेकंद चालते. कालावधी फार कमी ठेवल्यास अनेक ब्राउझर तो मानत नाहीत व चित्र उलट संथ होते. हाताने काढलेल्या चित्रांत हालचालीच्या आरंभी व अंती चौकटींमधील अंतर कमी आणि मध्यभागी जास्त ठेवल्यास गती नैसर्गिक वाटते.

मर्यादा व दक्षता

गिफच्या प्रत्येक चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग असतात. म्हणून छायाचित्रांत रंगांचे पट्टे दिसू शकतात. अर्धपारदर्शकता या स्वरूपात नसते.

गिंपमधील 'ब्लेंड' ही आज्ञा दोन स्तरांमध्ये मिश्र चौकटी निर्माण करते. त्या वस्तू सरकवत नाहीत. एक चित्र विरत जाऊन दुसरे उमटते. शिवाय अशी अवस्था कॅमेऱ्याने कधीही टिपलेली नसते. म्हणून शास्त्रीय चित्रात गुळगुळीतपणासाठी या चौकटी घातल्यास निरीक्षण आणि कल्पना यांची सरमिसळ होते. तेथे अधिक छायाचित्रे घेणे हाच योग्य उपाय आहे. दोन छायाचित्रांमधील कालांतरही चित्राखाली नोंदवावे.

सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारी चित्रे टाळावीत, कारण प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तींना त्यांमुळे झटका येऊ शकतो.