सूर धरणाऱ्याचा गाल

सोनई आणि सनई या दोन शब्दांत फक्त एका काना-मात्रेचा फरक. नेवासे तालुक्यातल्या सोनई गावात लग्नसराईत गेलो की मला दर वेळी हे आठवतं. रस्त्यावर शनिशिंगणापूरला निघालेल्या गाड्यांची वर्दळ आणि मंडपाच्या कडेला वाजंत्र्यांचा ताफा. सगळे नवरा-नवरीकडे बघत असतात, माझे डोळे मात्र ताफ्यातल्या सर्वांत दुर्लक्षित माणसावर खिळलेले असतात. हा सूर धरणारा. मुख्य सनईवाला ताना घेतो, थांबतो, घाम पुसतो. याला ती मुभा नाही. एकच सूर, अखंड, नवरा-नवरी मंडपात येईपर्यंत आणि त्यानंतरही. मध्ये श्वास घ्यायला तो थांबलेला मी पाहिलेला नाही.

जवळ उभं राहून पाहिलं की युक्ती कळते. त्याचे गाल टम्म फुगलेले असतात. छातीतली हवा संपत आली की तो गालांत हवेचा साठा करतो, जिभेच्या मागच्या भागाने तोंड घशापासून बंद करतो आणि गाल पिळून ती हवा सनईत सोडतो. तेवढ्या क्षणात नाकाने नवा श्वास आत घेतो. लोहाराचा भाता चालावा तसं हे चालतं. गाल पिळणाऱ्या त्या स्नायूला शरीरशास्त्रात बक्सिनेटर म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘तुतारी वाजवणारा’. प्रत्येकाच्या गालात एक तुतारीवाला बसलेला आहे, मग त्याने आयुष्यात साधी पिपाणीही फुंकलेली नसो!

आता खरी गंमत. या फुगलेल्या गालाला आतून एक भोक आहे.

जिभेचं टोक वरच्या दाढांकडे न्या. दुसऱ्या दाढेच्या समोर, गालाच्या आतल्या बाजूला, बारीकसा उंचवटा लागेल. तिथे लाळेची एक नळी उघडते. कानाच्या पुढे आणि खाली पॅरोटिड नावाची ग्रंथी असते, लाळग्रंथींतली सर्वांत मोठी, साधारण २५ ग्रॅमची. गालगुंड होतं तेव्हा सुजते तीच. तिथून निघालेली सुमारे पाच सेंटिमीटरची नळी चावण्याच्या स्नायूवरून पुढे येते, बक्सिनेटरला भेदून आत वळते आणि दाढेसमोर तोंड उघडते. चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी जबड्याच्या कोपऱ्यात जी कळ येते, ती याच ग्रंथीची लगबग. दिवसभरात आपल्या तोंडात अर्धा ते दीड लिटर लाळ येते. जेवताना त्यात या ग्रंथीचा वाटा मोठा.

ही नळी सापडली १६६० साली, अ‍ॅमस्टरडॅममध्ये, मेंढीच्या मुंडक्यात. शोधणारा नील्स स्टेन्सन हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी. त्याला आश्रय देणाऱ्या शिक्षकाने हा शोध आपलाच असल्याचा दावा केला आणि मोठा वाद झाला, पण नळीला नाव मिळालं ते स्टेन्सनचं. पुढे याच माणसाने १६६९ मध्ये खडकांचे थर कसे वाचावेत हे सांगितलं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. सह्याद्रीच्या घाटात काळ्या पाषाणाचे एकावर एक रचलेले थर आपण ज्या नियमाने वाचतो, तो नियम आणि गालातली ही नळी यांच्यामागे एकच नजर आहे, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

आता कोड्याकडे. एरवी तोंडातल्या हवेचा दाब असतो पाऱ्याचे दोन-तीन मिलिमीटर. ट्रम्पेटसारखं वाद्य फुंकताना तो १५० मिलिमीटरपर्यंत चढतो. रक्तदाब मोजताना दंडावर आवळलेल्या पट्ट्यातला दाब आठवा, जवळपास तेवढा. एवढ्या दाबाखालच्या खोलीला थेट ग्रंथीकडे जाणारं एक भोक आहे. मग फुंकणाऱ्याची ग्रंथी फुग्यासारखी फुगायला हवी. ती फुगत का नाही?

सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये वॉलट्यूब असायची, रबराची ती इवलीशी बाही. पंपाची हवा तिला बाजूला सारून आत जायची, आणि आतली हवा बाहेर पडू बघायची तेव्हा स्वतःच्याच दाबाने त्या बाहीला दाबून धरायची. गालातही तसंच घडतं. नळीचं तोंड नळीपेक्षा अरुंद असतं आणि त्यावर आतल्या त्वचेची लहानशी घडी असते. शेवटच्या टप्प्यात नळी गालाच्या अस्तराखालून तिरकी जाते. गाल फुगला की हवा त्या तिरक्या भागाला चपटं करते, आणि ताणलेला बक्सिनेटर नळीला आवळतो. म्हणजे दाब जितका वाढेल तितकं दार घट्ट. बिजागरी नाही, कडी नाही. लाळ बाहेर येताना मात्र ते अलगद उघडतं.

क्वचित, फार क्वचित, हे दार हार खातं. कुणाच्या नळीचं तोंड जन्मतःच सैल असतं, कुणाचा स्नायू दुबळा असतो, कुणी वर्षानुवर्षं अतिदाबाने फुंकत आलेला असतो. मग हवा उलटी नळीत शिरते आणि ग्रंथीत भरते. कानापुढचा भाग अचानक फुगतो, कधी एका बाजूचा, कधी दोन्ही बाजूंचा. बोटाने दाबलं तर आत बारीक चुरचुर जाणवते. डॉक्टर तोंडात बॅटरी धरून बाहेरून गाल चोळतात, तेव्हा दाढेसमोरच्या त्या भोकातून लाळ येते ती फेसाळलेली, ताज्या धारोष्ण दुधावर असतात तशा बुडबुड्यांची. या बुडबुड्यांनीच निदान होतं. सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीतली हवा काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. या विकाराला न्युमोपॅरोटिड म्हणतात. गाठ नाही, कर्करोग नाही, संसर्गही नाही. भरली आहे ती नुसती हवा.

व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ योझेफ हिर्टल यांनी १८६५ मध्ये एका वाद्य फुंकणाऱ्यात याची नोंद केली. पुढे काच फुंकणाऱ्या कारागिरांत हा धंद्याचा विकार म्हणून ओळखला गेला. काच फुंकणं आपल्याला परकं नाही. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालचा, कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना १९१६ सालचा. ज्याचा प्रभाकर कंदील घरोघर पेटला, तो हाच. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन दिवसभर फुंकणं म्हणजे काय, याचा विचार कंदील पुसताना आपल्या आज्यांनी केला असेल का? त्या प्रत्येक फुंकरीच्या वेळी कारागिराच्या गालातलं ते दार मिटून उभं होतं.

हे दार मुद्दाम फोडणारेही निघाले. उत्तर आफ्रिकेतल्या फ्रेंच परदेशी पलटणीतले काही सैनिक छोट्या बाटलीत जोराने फुंकून गाल सुजवून घ्यायचे आणि गालगुंड झाल्याचं सांगून कामातून सुटका मिळवायचे. शाळा चुकवण्यासाठी हीच विद्या स्वतःहून शोधलेली मुलं वैद्यकीय नियतकालिकांत भेटतात. लोक त्यांना लबाड म्हणतील. मला मात्र वाटतं, आपल्याच गालाचा एवढा अभ्यास करणाऱ्या मुलाला आधी विचारावं की बाळा, शाळेत तुला नेमकं काय नको वाटतं? यांशिवाय फुगे फुगवणं, नाक दाबून शिंकणं, जोराचा खोकला, दातांच्या दवाखान्यातला हवेचा फवारा, ही कारणंही सापडली आहेत.

उपचार साधे. कारण ओळखून ते थांबवायचं, कानाकडून ओठाकडे गाल चोळायचा, पाणी भरपूर प्यायचं आणि आंबट काही चघळायचं, म्हणजे लाळेचा लोंढा हवेला बाहेर ढकलतो. हवेमागोमाग तोंडातले जंतू आत गेले तर प्रतिजैविकं लागतात. ताप, लाली, ठणका असेल किंवा चुरचुर मानेपर्यंत उतरली असेल, तर घरी न थांबता डॉक्टर गाठावा, कारण क्वचित हवा ग्रंथी फोडून मानेत आणि छातीत उतरते. शस्त्रक्रियेची वेळ फारच थोड्यांवर येते. शल्यचिकित्सकही तिथे जपूनच जातात, कारण चेहरा हलवणारी नस नेमकी याच ग्रंथीच्या पोटातून गेलेली असते.

‘एकदा गालगुंड होऊन गेलं, मग परत परत कसं होतं?’ असं कुणी विचारलं, तर गालगुंड बाजूला ठेवून फुंकण्याची चौकशी करावी. दुर्मीळ विकार ओळखण्यात पहिली अडचण असते ती तो कुणाला आठवतच नाही ही.

सोनईच्या मंडपात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता उधळल्या गेल्या. सूर थांबला. सूर धरणाऱ्याचे गाल सैल पडून हाडांना चिकटले आणि तो एकदम वयस्कर दिसू लागला. त्याने सनईची पत्ती काढून पुसली, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायलं, आणि खिशातून लिमलेटची एक गोळी काढून गालात सरकवली.