टाकीवरची ताटली आणि वसतिगृहातले इंटरनेट



आमचा परिसर पाहायला येणाऱ्या हितचिंतकांना पाण्याच्या टाकीवरची पांढरी ताटली दिसते आणि ती टीव्हीची आहे असेच बहुतेकांना वाटते. पण ती आकाशाकडे नाही, नऊ किलोमीटरवरच्या जव्हारकडे तोंड करून बसवली आहे. वसतिगृहाचे सगळे इंटरनेट तिच्यातून येते. संगणक खोली माझ्याकडे असल्याने हे कसे चालते ते या अंकात सांगतो.

जव्हारपर्यंत केबल आहे. पुढे दरी आणि जंगल. एका वसतिगृहासाठी तिथून तार ओढायला कोणी तयार नव्हते. मोबाइलची रेंज पटांगणाच्या एका कोपऱ्यात मिळते, तीही वाऱ्यावर. भूस्थिर उपग्रहाचाही विचार झाला. पण तो सुमारे 36,000 किलोमीटर उंच असतो, त्यामुळे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला अर्धा सेकंद तरी जातो आणि ऑनलाइन तासाला बोलणे तुटक होते. म्हणून रेडिओ मोडेम. जव्हारच्या एका गच्चीवर एक ताटली, आमच्याकडे दुसरी. एकीने माहिती रेडिओ लहरींवर चढवायची, दुसरीने उतरवून घ्यायची. या लहरी 5.8 गिगाहर्ट्झच्या आहेत. 5 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा बराचसा भाग केंद्र सरकारने 2018 मध्ये, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, विनापरवाना वापरासाठी खुला केला.

अट एकच, ताटलीला ताटली दिसली पाहिजे. दिसणे म्हणजे दोरीएवढी सरळ रेषही पुरत नाही. लहरींची वाट काकडीसारखी असते, टोकांना निमुळती आणि मध्ये फुगीर. आमच्या अंतराला मधोमध तिची त्रिज्या जवळपास 11 मीटर भरते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग मोकळा लागतो. नेमकी तिथेच सागाची राई आहे. एप्रिलमध्ये जोडणी झाली तेव्हा पाने झडलेली होती, वेग उत्तम मिळाला. जुलैत पाने भरली, त्यांवर पाणी साचले आणि वेग निम्म्यावर आला. पावसाच्या सरींनी या लहरींना फारसे काही होत नाही, ओली पाने मात्र त्यांना गिळतात. झाडे तोडण्याचा प्रश्नच नव्हता. लोखंडी खांब लावून दोन्ही ताटल्या सहा-सहा मीटर वर नेल्या. एकच वर नेली असती तर मध्यावर तीनच मीटर उंची मिळाली असती. आयआयटी मुंबईने आमच्याच पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या रिकाम्या वाहिन्यांच्या लहरींवर गावांना इंटरनेट देण्याचे प्रयोग केले. त्या लहरी लांब असल्याने झाडीतून बऱ्या जातात.

विजेची भूक या यंत्राला कमीच, दहा वॅटच्या आसपास. खालच्या खोलीतून वर गेलेल्या एकाच तारेतून वीज आणि माहिती दोन्ही जातात. सौर पॅनेलची बॅटरी असल्याने गावातली वीज गेली तरी जोडणी टिकते. खरी भीती आकाशातल्या विजेची. खांबाला चांगले अर्थिंग आणि तारेवर वीजरोधक नसेल तर एका रात्रीत सगळे जळू शकते. पैसे वाचवायचे तर बाकी कुठेही वाचवावेत, इथे नाही.

आम्हाला दहा एमबीपीएस मिळतात. चाळीस मुलांनी एकाच वेळी व्हिडिओ लावले तर वाट्याला पाव एमबीपीएस येतो, म्हणजे कुणाचेच चालत नाही. म्हणून सायंकाळी व्हिडिओ बंद असतात. मराठी विकिपीडिया संगणक खोलीतच किविक्सवर साठवला आहे, तो वाचायला बाहेरची जोडणी लागत नाही. मुले कुरकुरतात, विशेषतः क्रिकेटचा सामना असला की.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर आणि प्रवेशाचे अर्ज ऑनलाइनच भरावे लागतात, त्यामुळे अर्जांच्या दिवसांत पहिला हक्क त्यांचा. पूर्वी एका अर्जासाठी आईला किंवा वडिलांना मुलीबरोबर जव्हारला जावे लागे. एका दिवसाची मजुरी बुडे, आणि तिथे सर्व्हर बंद निघाला तर दुसऱ्या दिवसाचीही. गेल्या वर्षी बारावीच्या एका मुलीच्या जातीच्या दाखल्याची प्रत शेवटच्या दिवशी नाकारली गेली. रात्री साडेनऊला आम्ही दाखला पुन्हा स्कॅन करून चढवला आणि पावणेदहाला पावती आली. आता ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे.

सौर बॅटरीला चार वर्षे झाली असून ती पहाटेपर्यंत तग धरत नाही. पावसाळ्याआधी ती बदलायची आहे.